शाकारणी (डहाणू व तलासरी)

शाकारणी म्हणजे पावसाळा सुरू होण्यापूर्वी घराचे छप्पर उघडून तपासणे, कुजलेले किंवा फुटलेले साहित्य बदलणे आणि कौले अथवा पेंढा पुन्हा नीट रचणे. कोकणाच्या उत्तर टोकाला असलेल्या पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांत हे काम साधारणपणे एप्रिल व मे महिन्यांत केले जाते आणि मृग नक्षत्र निघण्याआधी ते उरकण्याकडे कल असतो. छपरातून धुरांडे किंवा चुलीची नळी वर निघते तेथील सांधा, तसेच उतरते छप्पर उभ्या भिंतीला मिळते ती रेषा, ही गळतीची नेहमीची ठिकाणे आहेत. त्यामुळे या सांध्यांची दुरुस्ती हा शाकारणीचा सर्वांत नाजूक भाग मानला जातो. नोव्हेंबर २०१८ पासून या भागात जाणवू लागलेल्या भूकंपाच्या धक्क्यांमुळे या कामाला वेगळे महत्त्व आले आहे.

## नाव

'शाकारणे' हे क्रियापद मुळात गवत, पेंढा किंवा पाने घालून छप्पर आच्छादण्यासाठी वापरले जाते. कौलांचा वापर वाढल्यावर तोच शब्द कौले काढून पुन्हा बसवण्यालाही लागू झाला. याच अर्थाने 'कौले परतणे' किंवा 'नळे परतणे' असेही म्हटले जाते. पावसाळ्यात छपराच्या कडेवरून पडणाऱ्या धारांना पागोळ्या आणि छपराच्या कडेखालील जागेला वळचण म्हणतात. छपरातून घरात येणारे पाणी म्हणजे गळती.

## भौगोलिक पार्श्वभूमी

डहाणू तालुक्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र आहे. चिंचणी, नरपड, घोलवड आणि बोर्डी ही गावे किनारपट्टीत येतात. पूर्वेकडील कासा, गंजाड, धुंदलवाडी हा भाग डोंगराळ व जंगलाचा आहे. तलासरी तालुका त्याच्या उत्तरेस असून त्याची सीमा गुजरात राज्य आणि दादरा व नगर हवेली यांना भिडते. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेले हे दोन्ही तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी नव्याने निर्माण झालेल्या पालघर जिल्ह्यात समाविष्ट झाले.

या भागात वर्षाला दीड हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पाऊस नैर्ऋत्येकडून येणाऱ्या जोरदार वाऱ्याबरोबर तिरपा येतो. उतरत्या छपरावर सरळ पडणारे पाणी सहज वाहून जाते. परंतु वाऱ्याने रेटलेले पाणी कौलांच्या फटींतून व सांध्यांतून वरच्या दिशेनेही सरकते. पावसाळ्याआधीच्या आठ महिन्यांत कडक ऊन, वाळलेली पाने, माकडे आणि उंदीर यांमुळे कौलांची रचना विस्कटते. कोरड्या हंगामात हे दोष लक्षात येत नाहीत, म्हणून तपासणी दरवर्षी करावी लागते.

## घरांचे व छपरांचे प्रकार

वारली, मल्हार कोळी, कोकणा, धोडिया, दुबळा व कातकरी समाजांची पारंपरिक घरे बहुधा लाकडी मेढींवर उभी असतात. भिंती कारवीच्या काठ्या विणून तयार केलेल्या कुडाच्या असतात आणि त्यांना माती व शेणाचा लेप दिलेला असतो. घराच्या मध्यावर आढे, त्यावरून दोन्ही बाजूंना उतरणारे वासे, वाशांवर आडव्या बांबूच्या किंवा लाकडाच्या पट्ट्या आणि त्यांवर आच्छादन, अशी छपराची रचना असते. आच्छादनाचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

* पेंढा व गवत: वजनाने हलके आणि उन्हाळ्यात गारवा देणारे, परंतु लवकर कुजणारे व आगीचा धोका असलेले.
* नळीची कौले: कुंभाराने चाकावर घडवलेली अर्धगोल कौले. एक ओळ उताणी व तिच्या दोन्ही कडांवर पालथी ओळ, अशी ही रचना असते. ही कौले एकमेकांत अडकत नाहीत, त्यामुळे ती सहज घसरतात.
* मंगळुरी कौले: साच्यात दाबून भाजलेली, कडांना खाचा असलेली सपाट कौले. एकमेकांत अडकणाऱ्या कौलाची कल्पना आल्सास प्रांतातील गिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये पुढे आणली. भारतात बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरजवळील जेप्पू येथे अशा कौलांचा कारखाना सुरू केला, त्यावरून हे नाव रूढ झाले. गुजरातमधील मोरबी हेही कौलांच्या उत्पादनाचे केंद्र आहे.
* पत्रे: जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पत्रे व सिमेंटचे पत्रे.

मंगळुरी कौल साधारण ४१ ते ४२ सेंटिमीटर लांब व २३ ते २६ सेंटिमीटर रुंद असते. एक चौरस मीटर छपराला अशी सुमारे पंधरा कौले लागतात. एका कौलाचे वजन दोन ते तीन किलोग्रॅम असल्याने मध्यम आकाराच्या घराच्या छपरावरही काही टन वजन असते. भारतीय मानक ब्युरोने या कौलांसाठी आयएस ६५४ हे मानक ठरवले आहे.

## धूर बाहेर जाण्याच्या सोयी

पारंपरिक कुडाच्या घरात धुरांडे नसते. चुलीचा धूर आढ्याखालील मोकळ्या जागेतून आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडतो. या धुराने बांबू व वाशांवर काजळी बसते आणि त्यांना कीड लागण्याचे प्रमाण कमी होते. तोच धूर घरातील स्त्रिया व मुले यांच्या डोळ्यांना आणि फुप्फुसांना मात्र अपायकारक ठरतो.

छपरातून वर निघणारी धुराची सोय प्रामुख्याने पुढील ठिकाणी आढळते.

* घोलवड, बोर्डी व डहाणू परिसरातील चिकूच्या वाड्यांमधील पारशी व इराणी कुटुंबांचे जुने कौलारू बंगले. त्यांच्या स्वयंपाकघरांना विटांची धुरांडी असतात.
* पावाच्या भट्ट्या आणि जेथे मोठ्या चुली चालतात ती स्वयंपाकघरे.
* निर्धूर चुली. १९८०च्या दशकात केंद्र शासनाच्या सुधारित चूल कार्यक्रमातून देशभर अशा चुलींचा प्रसार झाला. चुलीची नळी छपरातून बाहेर काढण्यासाठी एखादे कौल काढावे किंवा कापावे लागते. धुराचा त्रास संपतो, पण त्या जागी गळतीचे नवे ठिकाण तयार होते. पावसाळ्यात पाणी चुलीवर पडू लागल्याने नळी काढून टाकली गेली, तर चूल पुन्हा पूर्वीसारखीच धुरकट होते. नळीचा सांधा पाणीबंद ठेवणे हा त्यामुळे केवळ छपराचा नव्हे, तर आरोग्याचाही प्रश्न ठरतो.

## गळतीची कारणे

छपराचा मूळ नियम एकच आहे: वरच्या थराची खालची कड नेहमी खालच्या थरावर यावी. पाणी जेथे या क्रमाविरुद्ध जाऊ शकते तेथे गळती होते. धुरांड्याजवळ हा क्रम तुटतो, कारण उतरत्या पृष्ठभागात मध्येच उभा अडथळा येतो. धुरांड्याच्या वरच्या अंगाला वाहून आलेले पाणी अडते आणि तेथे पाने व माती साचतात. साचलेला ओला थर आठवडेच्या आठवडे सांध्याला भिजत ठेवतो.

दुसरे कारण हालचालीचे आहे. विटांचे धुरांडे जमिनीतील स्वतंत्र पायावर उभे असते, तर छप्पर मेढींवर किंवा भिंतींवर टेकलेले असते. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. चूल पेटल्यावर धुरांडे तापते आणि विझल्यावर निवते. हे दोन भाग कधीच एकसारखे हलत नाहीत. त्यांच्या मधली फट केवळ सिमेंटच्या गिलाव्याने बुजवली, तर त्या गिलाव्याला एक-दोन हंगामांत बारीक तडा जातो आणि त्या तड्यातून पाणी आत ओढले जाते. दरवर्षी सिमेंट थापूनही धुरांड्याजवळची गळती थांबत नाही, याचे कारण बहुधा हेच असते.

याखेरीज फुटलेली कौले, कुजलेल्या पट्ट्या, आढ्यावरील कौलांचा निघालेला चुना, उतार कमी असणे, धुरांड्याच्या माथ्यावर झाकण नसणे आणि विटांमधील दर्जा झिजणे ही कारणेही आढळतात. किनाऱ्यालगत खारट हवेमुळे लोखंडी पत्रे व खिळे लवकर गंजतात.

## परिणाम

सततच्या गळतीने कुडाच्या भिंतीवरील मातीचा लेप धुपतो आणि मेढींचा बुंधा कुजू लागतो. कणगीत साठवलेले भात ओले होऊन त्याला बुरशी लागते. वर्षभराच्या धान्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला हे नुकसान सर्वाधिक जाणवते. वारली चित्रे तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने काढली जात असल्याने ओघळणाऱ्या पाण्याने ती पुसली जातात. विजेच्या तारा व फलक भिजल्यास शॉक बसण्याचा धोका असतो.

## तपासणी

पाणी जेथे टपकते तेथेच छिद्र असते असे नाही. छपरातून आत आलेले पाणी वाशाच्या किंवा पट्टीच्या कडेने उताराकडे वाहत जाऊन दूरवर टपकते. म्हणून शोध नेहमी टपकण्याच्या जागेपासून वरच्या दिशेने घ्यावा लागतो. धुराने काळवंडलेल्या छपरात हे सोपे जाते, कारण काजळीवर पाण्याच्या ओघळांच्या फिक्या रेषा उमटलेल्या दिसतात. दिवसा घर अंधारे करून आतून पाहिल्यास फटींतून येणारा उजेडही दिसतो.

सांध्याची खात्री करण्यासाठी पाण्याची चाचणी घेतात. धुरांड्याच्या खालच्या बाजूपासून आरंभ करून तेथे काही मिनिटे पाणी सोडायचे, आतून पाहायचे, मग दोन्ही कडा आणि शेवटी वरची बाजू, असा क्रम ठेवतात. आरंभीच वरून पाणी ओतल्यास ते सर्व सांध्यांवरून वाहते आणि दोष नेमका कोठे आहे हे कळत नाही.

## धुरांड्याच्या सांध्याची दुरुस्ती

टिकाऊ दुरुस्तीसाठी सांध्यावर वाकवलेला धातूचा पत्रा बसवतात. बांधकामाच्या भाषेत त्याला फ्लॅशिंग म्हणतात. हा पत्रा दोन स्वतंत्र थरांचा असतो. खालचा थर छपराला जोडलेला असतो आणि धुरांड्याच्या अंगाने सुमारे १५ सेंटिमीटर वर उभा राहतो. वरचा थर धुरांड्याच्या विटांमध्ये खोचलेला असतो आणि खालच्या थरावर पदरासारखा उतरतो. हे दोन्ही थर एकमेकांना खिळ्याने जोडत नाहीत. छप्पर व धुरांडे वेगवेगळे हलले तरी एक थर दुसऱ्यावर सरकतो आणि सांधा तुटत नाही. कामाचा क्रम पुढीलप्रमाणे असतो.

१. धुरांड्याभोवतीची कौले क्रमाने काढून ठेवतात. जुना गिलावा, डांबर व गंजलेला पत्रा पूर्णपणे खरवडून काढतात. कुजलेल्या पट्ट्या बदलतात. धुरांड्याच्या तापणाऱ्या विटा आणि लाकूड यांच्यात किमान ५ सेंटिमीटर मोकळे अंतर राहील याची काळजी घेतात.

२. सर्वांत आधी खालच्या बाजूचा पत्रा बसवतात. त्याचा उभा भाग धुरांड्याला टेकतो आणि आडवा भाग खालच्या कौलांवर पसरतो.

३. त्यानंतर दोन्ही कडांना पत्र्याचे लहान तुकडे खालून वर चढत बसवतात. प्रत्येक तुकडा कौलाच्या एका ओळीबरोबर येतो आणि खालच्या तुकड्यावर किमान ७ ते १० सेंटिमीटर चढतो.

४. वरच्या बाजूला रुंद पत्रा बसवतात. त्याची वरची कड वरच्या ओळीतील कौलांखाली जाते. धुरांडे सुमारे ७५ सेंटिमीटरपेक्षा रुंद असल्यास त्याच्या मागे दोन्ही बाजूंना उतार असलेली लहानशी पाठ तयार करतात, म्हणजे येणारे पाणी दुभंगून बाजूंनी निघून जाते.

५. विटांमधील आडव्या दर्जात सुमारे अडीच सेंटिमीटर खोल खाच पाडून वरच्या थराची दुमडलेली कड तीत बसवतात आणि खाच चुन्याच्या किंवा चुना-सिमेंटच्या मिश्रणाने बंद करतात.

६. कौले पुन्हा रचतात आणि वर सांगितल्याप्रमाणे पाण्याची चाचणी घेतात.

निर्धूर चुलीच्या नळीसाठी हीच पद्धत लहान प्रमाणात वापरता येते. मध्ये गोल कॉलर असलेला चौकोनी पत्रा घेऊन त्याची वरची कड वरच्या कौलाखाली आणि खालची कड खालच्या कौलावर ठेवतात. कॉलरच्या वर नळीला घट्ट बसणारी पत्र्याची छत्री बसवतात, जेणेकरून नळीवरून ओघळणारे पाणी कॉलरच्या बाहेर पडते. पत्र्याच्या चारही कडा कौलांवर ठेवून त्या डांबराने चिकटवणे ही सर्रास दिसणारी चूक आहे, कारण वरून येणारे पाणी त्या कडेखालीच शिरते.

जेथे सिमेंटचा सपाट स्लॅब भिंतीला मिळतो, तेथे पत्र्याऐवजी कोपऱ्यात गोलाई देऊन वाटा मारण्याची पद्धत आहे.

## साहित्याची निवड

जस्ताचा मुलामा असलेला पत्रा स्वस्त व सहज उपलब्ध असतो. किनाऱ्यालगत मात्र त्याला रंगाचा थर द्यावा लागतो. ॲल्युमिनियमचा पत्रा गंजत नाही, परंतु ओल्या चुन्याच्या किंवा सिमेंटच्या संपर्कात तो झिजतो, म्हणून मध्ये डांबराचा लेप देतात. तांब्याचा पत्रा दीर्घकाळ टिकतो. पण त्यावरून वाहणारे पाणी जस्ताच्या पत्र्यावर पडल्यास जस्त लवकर झिजते. शिशाचा पत्रा हव्या त्या आकारात वळतो, मात्र छपरावरचे पाणी पिण्यासाठी साठवले जात असल्यास शिसे वापरू नये. डांबर किंवा चिकटपट्टी हा भर पावसातील तात्पुरता उपाय होय.

## भूकंप व वादळांचा परिणाम

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत धुंदलवाडी परिसर केंद्रस्थानी असलेली भूकंपांची मालिका सुरू झाली. त्यातील बहुतेक धक्के सौम्य होते. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का नोंदवला गेला. त्या दिवशी घराबाहेर धावताना पडून एका लहान मुलीचा मृत्यू झाला. अनेक कुटुंबांनी थंडीच्या दिवसांत रात्री घराबाहेर तंबूत काढल्या.

अशा सौम्य धक्क्यांनी घर पडले नाही तरी छपराची जुळणी बिघडते. नळीची कौले एकेक बोट खाली सरकतात, आढ्यावरील चुना सुटतो आणि धुरांड्याभोवतीच्या सिमेंटला तडे जातात. जड कौले निसटून अंगावर पडण्याचा धोका वेगळाच. मंगळुरी कौलाच्या मागील बाजूस तार ओवण्यासाठी भोक असलेला कान असतो. दारावरील, वळचणीकडील आणि धुरांड्याभोवतीच्या ओळी या भोकातून तार ओवून पट्टीला बांधल्यास त्या धक्क्याने किंवा वाऱ्याने सहसा निसटत नाहीत. विटांच्या उंच धुरांड्याला तडा गेला असल्यास पत्र्याची दुरुस्ती करण्याआधी धुरांड्याची मजबुती तपासणे आवश्यक असते.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ पालघरच्या किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गेले. ऐन शाकारणीच्या हंगामात आलेल्या या वादळी वाऱ्याने जिल्ह्यातील अनेक घरांची कौले व पत्रे उडाले.

## सामाजिक बाजू

एका घराची शाकारणी एकट्या कुटुंबाला झेपत नाही. छपरावर चढणारे, कौले खालून वर पोहोचवणारे आणि खाली ती झाडून, निवडून रचणारे असे किमान पाच-सहा जण लागतात. त्यामुळे पाड्यांमध्ये हे काम सावडीने, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या घरी राबून केले जाते. ज्याच्या घरी काम असेल तो त्या दिवशी जेवण देतो.

स्थलांतरामुळे या व्यवस्थेवर ताण येतो. दोन्ही तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात, तर तरुण गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून काम करतात. पश्चिम किनाऱ्यावरील मासेमारीबंदी १ जूनपासून लागू होते आणि त्याच सुमारास खलाशी घरी परततात. पाऊस त्यानंतर आठवडाभरात येऊ शकतो आणि भाताची पेरणीही त्याच दिवसांत असते. परिणामी शाकारणी घाईत होते किंवा घरी राहिलेल्या स्त्रिया व वृद्धांवर पडते.

## सुरक्षितता

छपरावरून पडणे हा या कामातील सर्वांत मोठा धोका आहे. कौलाच्या मध्यावर पाय न देता खाली वासा असेल तेथे पट्टीवर पाय देणे, शिडी वर बांधून घेणे, शेवाळलेल्या किंवा ओल्या कौलांवर न चढणे आणि छपराजवळून जाणाऱ्या विजेच्या तारांचा प्रवाह बंद करून घेणे या मूलभूत दक्षता होत. सिमेंटचा जुना पत्रा वरून भक्कम दिसला तरी माणसाच्या वजनाने अचानक फुटतो, म्हणून त्यावर आडवी फळी टाकूनच जावे लागते. अशा पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात. ते कोरडे कापल्यास किंवा भोक पाडल्यास धूळ श्वासातून फुप्फुसात जाते. कौलांखाली विंचू व साप असण्याचा संभव असल्याने हात घालण्याआधी काठीने कौल हलवून पाहतात.

## सद्यस्थिती

शासकीय घरकुल योजनांमुळे पक्क्या भिंतींची व पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या छपरांची घरे वाढली आहेत. त्यांत २०१६ पासूनची प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आणि अनुसूचित जमातींसाठीची शबरी आदिवासी घरकुल योजना यांचा समावेश होतो. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून गॅसजोडण्याही पोहोचल्या. तरीही पाणी तापवणे, भाकरी व मोठा स्वयंपाक यांसाठी लाकडाची चूल अनेक घरांत टिकून आहे. नव्या घराला जोडून जुन्या पद्धतीची कौलारू पडवी काढलेली दिसते आणि तेथे पक्की भिंत व उतरते छप्पर यांच्यातील सांधा पुन्हा निर्माण होतो. कुंभाराच्या नळीच्या कौलांचा वापर घटल्याने जुन्या घरांसाठी बदली कौले मिळवणे कठीण झाले आहे, म्हणून मोडलेल्या घरांची कौले जपून ठेवली जातात.

## हे सुद्धा पहा

* मंगळुरी कौल
* वारली चित्रकला
* डहाणू तालुका
* तलासरी तालुका
* निर्धूर चूल